बेवारस पावडर

ज्या प्रदूषणाला मालक असतो, त्याचं मला कधी फारसं टेन्शन आलं नाही. मालक खोटं बोलेल, चहा पाजेल, कुणाकडून तरी फोन करवेल, पण तो असतो. त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. भंडाऱ्याजवळ लोखंडी पत्र्यांना मुलामा देणारं एक वर्कशॉप होतं. तिथल्या शेठजींनी सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीत मासे सोडून ठेवले होते. मी तपासणीला गेले की ते आधी मला त्या टाकीपाशी न्यायचे. "मॅडम, बघा, मासे जिते आहेत. याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?" एका खेपेला टाकीत रोहू होते, पुढच्या खेपेला मागूर. मी विचारलं, "शेठजी, तुमच्या पाण्यात माशांची जात बदलते का?" ते जराही न लाजता म्हणाले, "पहिलेवाले मोठे झाले मॅडम, गेले बाजारात." पुढे त्यांना नोटीस गेली, सुनावणी झाली, यंत्रणा बसली. वेळ लागला, भांडणं झाली, पण काम झालं.

माझी नोकरी प्रदूषण नियंत्रणाची. क्षेत्र अधिकारी म्हणून निवृत्त झाले. बाहेरच्या माणसाला आमचं काम एका वाक्यात सांगता येतं: कारखान्यातून निघणारं पाणी, धूर, राख तपासायची, नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आणि जो घाण करतो त्याला ती कायद्याने थांबवायला लावायची. या वाक्यातला 'जो' फार महत्त्वाचा आहे. सगळा कायदा त्या 'जो'च्या खांद्यावर उभा आहे. तो नसला तर काय होतं, ते मला खैरबोडीने शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा छळून छळून गळी उतरवलं.

खैरबोडी हे सानगडीकडचं एक लहान गाव. नाव मी बदललं आहे, कारण खऱ्या नावाने त्या गावाचं आधीच पुरेसं नुकसान झालेलं आहे. गावाच्या उताराला एक बोडी आहे. बोडी म्हणजे आमच्या भागातला लहान तलाव. पावसाचं पाणी अडवायचं, धानाला द्यायचं आणि राहिलेल्या पाण्यात मासोळी धरायची. मासोळीचा हक्क गावातल्या ढिवर मंडळींच्या संस्थेकडे आणि संस्थेचे अध्यक्ष दसारामभाऊ. उंच, काटक माणूस, बोलायला हळू. पहिल्यांदा ते माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळलेला एक मासा माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, वास घ्या."

"मासोळीला वास येणारच, भाऊ."

"हा मासोळीचा नाई जी. नीट घ्या."

मी वाकून वास घेतला. ओलसर, बुरसट, जुन्या बारदान्यासारखा वास. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्या नाकात काही वास कायमचे बसलेले असतात. हा त्यातला एक होता, आणि तो माशातून यायला नको होता.

"सानगडीच्या बाजारात बाया मासोळी हातात घेतात, नाकापाशी नेतात अन् ठेवून देतात," दसारामभाऊ म्हणाले. "आमी पाण्यात काईच टाकत नाई. मंग हे कुठून येऊन राहिलं?"

दुसऱ्याच दिवशी मी गावात गेले. शोधायला फार लागलं नाही. बोडीच्या वरच्या अंगाला, चढावर, एक पडकं गोदाम होतं. कधीकाळी गावात शेतकऱ्यांची सहकारी संस्था होती, तिचं. संस्था केव्हाच बुडाली होती. छपराचे कवेलू गळून पडले होते, दार अर्धं वाळवीने खाल्लेलं. आत पोत्यांची थप्पी होती, पण पोती म्हणावीत अशी राहिली नव्हती. तागाचं कापड कुजून गेलं होतं आणि आतली राखाडी-पांढरी पावडर दगडासारखी घट्ट झाली होती. दरवर्षी छपरातून पाऊस आत येत होता, पावडरीवरून वाहत होता आणि दाराखालून निघून सरळ बोडीत जात होता.

ती बीएचसी होती, एक जुनं कीटकनाशक. धानावरच्या किडीसाठी एकेकाळी सरकारच वाटायचं. मग बंदी आली, वाटप थांबलं आणि उरलेला साठा होता तिथेच राहिला. बंदीचा हुकूम काढणाऱ्याला हुकूम निघाला म्हणजे पोती हवेत विरून जातात असं वाटत असावं.

ही पावडर इतकी त्रासदायक का, तेही सांगते. मीठ पाण्यात विरघळून पातळ होतं, शेण कुजून माती होतं. ही पावडर धड विरघळत नाही आणि कुजतही नाही. ती गाळाला चिकटते. गाळातून किड्यात जाते, किड्यातून माशात, माशातून माणसात, आणि प्रत्येक ठिकाणी चरबीत जाऊन बसते. गाईच्या दुधात उतरते, आईच्या दुधातही. ती कुणाला पटकन मारत नाही, म्हणून कुणाला पटकन घाबरवतही नाही.

मी हातमोजे घालून नमुने घेत होते तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी बाई परडी घेऊन आल्या, आत शिरल्या आणि एका ढेकळावर दगड मारून परडीत भुगा भरायला लागल्या. अनवाणी होत्या. या शेवंताबाई. एकट्या राहायच्या, कोंबड्या पाळायच्या.

"मावशी, काय करता? ठेवा ते!"

"काहून जी?"

"विष आहे ते."

"विष आहे म्हणूनच तं नेतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "खाटीत ढेकूण झाले. कोंबड्यायच्या खुराड्यात बी टाकतो. धानाच्या ढोलीत बी टाकतो, सोंडे लागत नाई. सारा गाव नेते. हे डीडीटी आहे, बाई."

"डीडीटी नाही ते."

"काई बी असन. काम करते ना?"

धानाच्या ढोलीत, म्हणजे खायच्या धानात. मी त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आमच्या गावात गाडी आली होती, भोंगा लावून. साहेब लोकायनं सांगतलं होतं, हे टाका, धान वाचन. ते साहेब खोटे होते का तुमी खोट्या?"

मी म्हटलं, दोघंही खरे, मावशी. तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत झालं. त्या म्हणाल्या, "मंग आता बी काई माहीत नसन, ते मांगून माहीत होईन." आणि परडी घेऊन घरी निघाल्या. ती परडी मी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. त्या माझ्याशी त्यानंतर बरेच दिवस बोलल्या नाहीत.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती ऐकताना डोकं फुटायची तयारी ठेवा.

कायदा म्हणतो की धोकादायक कचरा ज्याने निर्माण केला त्याने तो नेऊन शास्त्रीय पद्धतीने नष्ट करावा. निर्माण कुणी केला? मी शेती खात्याकडे गेले. ते म्हणाले, आम्ही पावडर संस्थेला दिली, दिल्यावर ती संस्थेची. मी सहकार खात्याकडे गेले. ते म्हणाले, संस्था विसर्जित झाली, तिचा हिशेब मिटवायला नेमलेले अवसायक निवृत्त झाले, आणि आमच्याकडे इमारतीची नोंद आहे, आतल्या मालाची नाही. मी विचारलं, मग आतला माल कुणाचा? समोरचे साहेब खरोखर विचारात पडले आणि म्हणाले, "मॅडम, तात्त्विक प्रश्न आहे." ग्रामपंचायत म्हणाली, गोदाम आमच्या हद्दीत आहे, आमच्या ताब्यात नाही. पाटबंधारेवाले म्हणाले, आमची फक्त बोडी, तीही पाळीपर्यंत, म्हणजे काठच्या बांधापर्यंत.

आणि आमचं स्वतःचं ऑफिस? आमच्या साहेबांनी फाइल वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "नोटीस कुणाच्या नावाने काढायची?" मी म्हटलं, कुणाच्याही नावाने काढा, पण निघू द्या. शेवटी 'भोगवटादार, सहकारी संस्थेचे गोदाम, खैरबोडी' अशा पत्त्यावर नोटीस गेली. पोस्टमनला भोगवटादार सापडेना. त्याने ती सगळ्यात जवळच्या घरी दिली. काही दिवसांनी शेवंताबाई बस बदलत बदलत भंडाऱ्याला माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात नोटीस, डोळ्यांत पाणी.

"माया नावानं समन काहाडलं का जी? मी तं परडीभर बी नाई नेली. तुमीच हिसकली."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, नोटीस त्यांच्यासमोर फाडली. नोकरीत फाडलेला एवढा एकच सरकारी कागद. त्या हसल्या आणि तिथपासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

दरम्यान मी हाताशी होतं ते केलं. गोदामाला पत्र्याचं दार लावलं, छपरावर प्लास्टिक टाकलं आणि बाहेर पाटी लावली: लाल अक्षरात 'धोका' आणि कवटीचं चित्र. नियमाप्रमाणे पाटी लावावीच लागते. त्या पाटीसमोर उभं राहून कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि तो पंचक्रोशीत फिरला. खैरबोडी हे विषाचं गाव झालं. आधी तिथली मासोळी विकत नव्हती, आता धानाचे व्यापारीही वळून गेले. बाहेरगावच्या एका पाहुण्याने पोरगी पाहायला येण्याचं टाळलं. दसारामभाऊ पुन्हा ऑफिसात आले, या वेळी रिकाम्या हाताने.

"मॅडम, तुमी पाटी लावली, आमचा बाजार बसला. पाटीनं पावडर गेली का?"

"नाही."

"मंग पाटी कायले?"

माशांच्या नमुन्यांचा अहवालही तोवर आला होता. त्यात लिहिलं होतं, 'आढळले'. भाऊंनी विचारलं, "म्हंजे खायची का नाई?" आमच्या धंद्याची सगळी गोची या प्रश्नात आहे. आकडा असतो, पण या माशात किती चालेल याची मर्यादा माझ्यापुढच्या कागदावर नव्हती. एकदा खाल्ल्याने काही होणार नाही, रोज वर्षानुवर्षं खाऊ नये, पोटुशीने आणि लहान लेकरांनी तर नकोच. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आमी तं रोजच खातो. मासोळी धरणारा मासोळी खाईन नाई तं काय खाईन?" नमुने घेणं मला शिकवलेलं होतं, उत्तर देणं नाही.

बैठका होत राहिल्या. प्रत्येक बैठकीत ठरायचं की विषय गंभीर आहे. चहा यायचा, बिस्किटं यायची, आणि पुढच्या बैठकीला निम्मे अधिकारी बदलून आलेले असायचे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मी पावडरीची गोष्ट इतक्यांदा सांगितली की माझ्या ड्रायव्हरला ती पाठ झाली होती. एकदा मला घसा बसल्यामुळे बोलता येईना, तर तो दारातून म्हणाला, "मॅडम, मी सांगू का?"

आणि मग एके दिवशी दसारामभाऊंचा फोन आला. "मॅडम, गोदाम गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

"तुमी याच."

मी पोचले तेव्हा चढावर गोदाम नव्हतं. जागा सपाट केलेली, कडेने चुन्याची रेघ ओढलेली आणि मधोमध अशोकाची रोपं लावलेली. सरपंच रेखाताई पदर खोचून उभ्या होत्या. तरुण, तडफदार बाई. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेची समिती गावात येणार होती आणि त्यांनी जेसीबी लावून सगळं साफ करून टाकलं होतं.

"मॅडम, तुमचं काम आम्हीच करून टाकलं," त्या हसत म्हणाल्या.

"रेखाताई, माल कुठे टाकला?"

त्यांनी सहजपणे हात दाखवला. बोडीच्या पाळीला खांडं पडली होती, ती बुजवायला निम्मा माल तिथे गेला. शाळेमागे खोलगट जागा होती, तिथे पोरांना खेळायला मैदान केलं. चांगल्या विटा ज्याला पाहिजे त्याने नेल्या. एकाने चुलीला, एकाने गोठ्याला.

मी त्या चुन्याच्या रेघेवर बसले. खरंच बसले, साडीचा विचार न करता. पावडर एका खोलीत होती तेव्हा तिला निदान चार भिंती होत्या. आता ती गावभर होती.

मी रेखाताईंवर ओरडले. फार ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचाही आवाज चढला. "तुम्ही म्हणता हात लावू नका. शेतीवाले म्हणतात आमचं नाही. सहकारवाले म्हणतात आमचं नाही. मग मॅडम, हात लावायचा तरी कोणी? आमची लेकरं रोज तिथून शाळेत जातात. मी सरपंच आहे, मला रोज लोक विचारतात. तुम्हाला कोण विचारतं?"

त्यांनी केलं ते चूक होतं. त्या बोलल्या त्यातला एकही शब्द चूक नव्हता. आजही मला त्यांचा राग येतो आणि आजही मला त्यांच्या जागी मी काय केलं असतं ते सांगता येत नाही.

आता यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट. माल पसरल्यावर काम सुरू झालं! गोदामात पडलेली पावडर ही 'प्रलंबित बाब' होती. शाळेच्या मैदानावर पसरलेली पावडर ही 'घटना' झाली. घटना झाली की जिल्ह्याच्या वरिष्ठांना आपत्तीचे अधिकार वापरता येतात. ज्या मंजुरीसाठी माझ्या चपला झिजल्या, ती एका बैठकीत मिळाली. मी आभार मानले आणि जिन्यात येऊन भिंतीवर हात आपटला.

हिवाळ्यात सफाई सुरू झाली. पांढरे सूट, तोंडावर नळीचे मुखवटे घातलेली माणसं गावात उतरली आणि त्यांना पाहायला सगळं गाव लुगडी, धोतरं, अनवाणी पाय अशा अवस्थेत जमलं. ते दृश्य मला अजून खुपतं. ज्या मातीला हात लावायला त्या माणसांना तीन थर कपडे लागत होते, त्याच मातीवर पोट्टे उघड्या अंगाने उभे होते. मी त्यांना हाकलत होते, ते हसत पळत होते आणि पुन्हा येत होते.

मैदान खोदलं, पाळ खोदली, विटा घरोघरी फिरून परत मागितल्या. एका बाईंनी चूल मोडून विटा दिल्या आणि मला जे काही बोलल्या ते इथे छापता येणार नाही. किती खोल खोदायचं, हा रोजचा प्रश्न. वरचा थर काढला की खालचा नमुना यायचा, 'आढळले'. अजून काढला, पुन्हा 'आढळले', थोडं कमी. माती अशी कुठे संपत नाही. शेवटी कुठेतरी थांबावं लागतं आणि ती रेघ मला मारावी लागली. रेघेच्या या बाजूची माती विष म्हणून पिंपात गेली, त्या बाजूची माती म्हणून राहिली. दोन्हींत फरक होता तो मुख्यतः माझ्या सहीचा.

मग बोडी उपसायची वेळ आली. गाळ काढायचा तर पाणी काढावं लागणार आणि पाणी काढलं की मासोळी. मी दसारामभाऊंना आदल्या दिवशी सांगितलं की मासे विकता येणार नाहीत, खाता येणार नाहीत, दुसऱ्या तलावातही सोडता येणार नाहीत. पिंपात भरून पावडरीबरोबर जातील. सकाळी ढिवर मंडळी जाळी घेऊन आली. ज्या सफाईने ते एरवी जाळं टाकतात, त्याच सफाईने त्यांनी टाकलं. चांगली मोठी रोहू, कतला निघाली. तडफडणारी मासोळी त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या पिंपात ओतली. पांढऱ्या सुटातल्या पोराने झाकण लावून त्यावर कवटीचा कागद चिकटवला.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "मासोळी बी आता कचरा का?"

"हो, भाऊ."

"यायनं कोनाचं काय केलं होतं?"

ते जाळं धुवायला वळले आणि मग आठवण झाल्यासारखं थांबले, कारण जाळंही पिंपात टाकायचं होतं. ते त्यांनी गुंडाळून, नीट घडी घालून टाकलं.

गाळाचा पहिला ट्रक दूरच्या धोकादायक कचऱ्याच्या साठवण जागेपर्यंत गेला आणि गेटवरून परत आला. गाळ ओला आहे, ओला माल आम्ही घेत नाही, वाळवून आणा. नियम योग्य आहे. ओल्या मालातून पाणी झिरपतं. पण नियम योग्य असून माणसाला रडू येऊ शकतं. मग उतारावर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर गाळ वाळत घातला. ऊन चांगलं होतं. आता चार दिवसांत काम संपेल असं वाटत असताना एका दुपारी उत्तरेकडून आभाळ काळं झालं. अवकाळी. वारा सुटला आणि ठेकेदाराकडे झाकायला पुरेसं काही नव्हतं. पाऊस पडला असता तर तो सगळा गाळ वाहून पुन्हा बोडीत गेला असता.

मी मोबाईलवर कुणाकुणाला फोन लावत होते आणि रेंज नव्हती. तेवढ्यात पाहिलं तर शेवंताबाई डोक्यावर घडी घेऊन चढावरून येत होत्या. धानाच्या पुंजण्यांवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगांवर, टाकायची त्यांची ताडपत्री. त्यांच्या मागून रेखाताई, मागून दसारामभाऊ आणि मग घरोघरची माणसं. मळणी झाल्यावर सांभाळून ठेवलेल्या ताडपत्र्या, निळ्या, काळ्या, ठिगळांच्या. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी गाळावर त्या ओढल्या, कडेने दगड ठेवले आणि गारांचा मारा सुरू झाला तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून सगळे पाहत होते. एकही ताडपत्री उडाली नाही. रेखाताईंनी माझा हात घट्ट धरला होता. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या बाजूने एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती.

ऊन पडल्यावर लोक आपापल्या ताडपत्र्या न्यायला आले. आणि मला त्यांना सांगावं लागलं की त्या आता परत देता येणार नाहीत. गाळाला लागल्या, म्हणजे त्याही धोकादायक कचरा.

मग शेवंताबाई म्हणाल्या, "मायी ताडपत्री बी गेली? मंग औंदा पुंजणं कायनं झाकू?"

मी नव्या ताडपत्र्यांसाठी लिहिलं. उत्तर आलं की गावकऱ्यांनी त्या स्वेच्छेने वापरल्या, मागणी केलेली नव्हती, त्यामुळे अशी भरपाई बसत नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मी निवृत्त होईपर्यंत लिहीत होते. ते गाव पुढच्या हंगामात जुनी लुगडी आणि खताच्या पिशव्या शिवून पुंजणी झाकत होतं. ट्रक गेले, पिंपं गेली, फोटो निघाले, वरिष्ठांच्या अहवालात 'स्थळ सुरक्षित करण्यात आले' असं वाक्य आलं. ताडपत्र्यांचा शब्दही त्यात नाही, म्हणून तो मी इथे लिहिते आहे.

सफाईनंतर आरोग्याच्या पथकाने गावातल्या लोकांचं रक्त तपासलं. पथकात एक तरुण डॉक्टरीण होती, कामाला चोख. गावकऱ्यांच्या रक्ताशी तुलना करायला तिला बाहेरच्या काही माणसांचं रक्त हवं होतं, ज्यांचा या पावडरीशी काही संबंध नाही अशांचं. मी म्हटलं, सोपं आहे. माझं घ्या, माझ्या ड्रायव्हरचं घ्या, ऑफिसातल्या कारकुनाचं घ्या. कारकून आंधळगावचा, मी वरठीची, दोन्ही गावं खैरबोडीपासून लांब.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. ती वैतागली होती.

"मॅडम, तुमचे नमुने गावाच्या नमुन्यांत मिसळले का?"

"नाही. का?"

"तुमच्यातही आहे. ड्रायव्हरमध्ये आहे. कारकुनात आहे. कमी आहे, पण आहे. मग मी स्वच्छ कुणाला धरू?"

फोन ठेवल्यावर मला आमचं वरठीचं घर आठवलं. डोक्यात उवा झाल्या की आई आम्हा बहिणींना ओळीने बसवून केसांत पांढरी पावडर चोळायची आणि वरून फडकं बांधायची. बाबा वरठीच्या बाजारातून तांदळाची पोती आणायचे, त्या पोत्यांच्याही तोंडाशी तीच. कुठलं गोदाम फुटलं नव्हतं, कुठला ट्रक उलटला नव्हता. सगळ्या जिल्ह्याने ती घरात घेतली होती, कौतुकाने.

निकाल सांगायला मी खैरबोडीला गेले. समाजमंदिरात चटया अंथरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी जे सांगायला सांगितलं होतं ते मी उभं राहून सांगितलं: कुणात किती, काय जपायचं, बाळंतिणींनी काय विचारायचं. कुणी रडलं नाही. लोक एवढंच धरून चालले होते की ही बाई नेहमीप्रमाणे आकडे सांगून गाडीत बसून जाईल.

दसारामभाऊंनी विचारलं, "तुमचं बी रगत काहाडलं होतं म्हंते. तुमचं काय निघालं?"

"निघालं, भाऊ. तुमच्यापेक्षा कमी. पण निघालं."

मग शेवंताबाईंनी चटईवर सरकून जागा केली आणि तिच्यावर हात मारला.

"मंग उभ्या काहून आहा जी? बसा ना."

मी बसले.